कापसाचा भाव कुठे ठरतो : मध्ययुगीन व्यापार ते जागतिकीकरण

महालकर

दर रविवारी सकाळी माझ्याकडे स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी सहा-सात मुले इतिहासाच्या अभ्यासासाठी येतात. या रविवारी त्यांना जागतिकीकरणावर उत्तर लिहायला दिले, तेव्हा सगळ्यांचे पहिले वाक्य जवळजवळ एकच निघाले : ‘भारतात जागतिकीकरणाची सुरुवात १९९१ साली झाली.’ परीक्षेत या वाक्याला गुण मिळतील, हे मला ठाऊक आहे. तरीही ज्या नागपूर शहरात १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू झाली आणि ज्याच्या आसपासच्या काळ्या जमिनीतील कापूस त्याच्याही आधी लिव्हरपूलच्या गोदामांत पोहोचत होता, त्या शहरातील मुलांना आपल्या इतिहासाचा हा धागा कोणी हातात दिला नाही, याचे मला मनापासून वाईट वाटले. म्हणून हे लेखन.

मला जे म्हणायचे आहे ते आधीच सांगतो. दूरदेशांशी व्यापार ही फार जुनी गोष्ट आहे. पण दूरच्या भावाने आपल्या शेतातील मालाचा भाव ठरणे ही त्या मानाने नवी गोष्ट आहे. ‘व्यापार’ आणि ‘जागतिकीकरण’ या दोन संकल्पना वेगळ्या करायच्या असतील, तर भाव कुठे ठरत होता आणि तो पडला तर नुकसान कोणाच्या पदरी येत होते, हे विचारले पाहिजे.

मध्ययुगीन व्यापाराचे चित्र डोळ्यांसमोर आणण्यासाठी बाराव्या शतकातील एका माणसाकडे पाहू. अब्राहम बेन यिजू हा ट्युनिशियाकडील ज्यू व्यापारी ११३० च्या दशकात मंगळूरला आला आणि पुढे अनेक वर्षे मलबारच्या किनाऱ्यावर राहिला. त्याने तेथे कांस्याच्या भांड्यांचा कारखाना चालवला आणि आशू नावाच्या दासीला मुक्त करून तिच्याशी संसार केला. त्याचा पत्रव्यवहार कैरोच्या जुन्या भागातील एका सिनेगॉगच्या कोठीत सापडला. त्या काळच्या यहुदी रिवाजानुसार देवाचे नाव लिहिलेला कागद फेकून देत नसत, म्हणून हिशेब, याद्या आणि तक्रारी यांचे हे कागद आठ-नऊशे वर्षे टिकले. एडनचा व्यापारी त्याला कागद, साखर, मनुका पाठवतो आणि त्याच्याकडून मिरी, सुपारी, लोखंड मागवतो. जहाजे मोसमी वाऱ्यांच्या भरवशावर चालत. नैर्ऋत्य वारा ओसरू लागला की एडनहून इकडे यायचे, आणि हिवाळ्यात ईशान्य वारा धरून परत जायचे. पत्राचे उत्तर यायला एक हंगाम, कधी पूर्ण वर्ष जाई. एडनला मिरीचा भाव काय आहे, हे मंगळूरला कळेपर्यंत तो भाव बदललेला असे. एवढा काळ व्यवहार टिकत होता तो आप्तसंबंध, भागीदारी आणि शब्द यांच्या आधारावर. यात संपर्क भरपूर होता. मात्र मलबारच्या मिरी पिकवणाऱ्याचे दैव एडनच्या रोजच्या भावाला बांधलेले नव्हते.

आता सातशे वर्षे पुढे या. १८६० पर्यंत इंग्लंडच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसाचा तीन चतुर्थांशांहून अधिक हिस्सा अमेरिकेतील गुलामांच्या श्रमावर पिकत होता. १८६१ साली तेथे यादवी युद्ध पेटले, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे अडवली आणि लँकेशायरच्या गिरण्या कापसाविना थांबू लागल्या. वऱ्हाड, हिंगणघाट आणि नागपूरच्या कापसाला पूर्वी कधी न मिळालेला भाव आला. त्याआधी या भागातील कापूस बैलांच्या पाठीवरून मिर्झापूरपर्यंत किंवा पश्चिम किनाऱ्यापर्यंत जात असे आणि वाटेत धुळीने काळवंडत असे. १८६५ साली युद्ध संपले आणि मुंबईत भाव कोसळला. कापसाच्या नफ्यावर उभ्या राहिलेल्या कंपन्या आणि बँका बुडाल्या.

भाव पडल्यावर व्यवस्था मात्र मागे फिरली नाही. १८६७ साली नागपूरला रेल्वे आली, १८६९ च्या नोव्हेंबरात सुएझ कालवा खुला झाला आणि १८७० साली समुद्राखालून टाकलेल्या तारेने मुंबई लंडनला जोडली गेली. युद्धाच्या सुरुवातीपासून मोजली तर ही सारी नऊ वर्षे होतात. या नऊ वर्षांत वर्षाचे अंतर काही तासांवर आले. माझ्या मते नागपूरचे जागतिकीकरण या नऊ वर्षांत घडले, आणि १९९१ हे त्याच गोष्टीतील पुढचे एक प्रकरण आहे. जाणकारांनी या मांडणीतील उणिवा दाखवाव्यात.

इतवारीकर

मांडणी आवडली, पण तारेच्या आधी भाव बांधलेले नव्हते, हे मला पूर्णपणे पटत नाही. आमच्या घराण्यात चार पिढ्या अडतीचा धंदा होता, त्यामुळे हुंडीविषयी थोडे लिहितो.

हुंडी म्हणजे नुसता पैसे पाठवण्याचा कागद नव्हे. दर्शनी हुंडी दाखवताच वटायची, मुदती हुंडी ठरलेल्या दिवसांनी वटायची, आणि शहाजोग हुंडीची रक्कम बाजारात पत असलेल्या शहालाच मिळायची, म्हणजे ती वाटेत चोरीला गेली तरी चोराच्या उपयोगाची नव्हती. यातली खरी मेख हुंडणावळीत आहे. एका पेठेची दुसऱ्या पेठेवरची हुंडी कमी-जास्त दराने विकली जाई, आणि तो दर, म्हणजे हुंडणावळ, हंगामाप्रमाणे हले. कापसाच्या हंगामात इकडे रोख रकमेची मागणी वाढली की हुंडणावळ बदले. म्हणजे पेठांमधील पैशाचा भाव रेल्वे आणि तार येण्याच्या कितीतरी आधी एकमेकांशी बोलत होता. अरब व्यापाऱ्यांचा सुफ्तजा आणि इटलीतील नगरांच्या हुंड्या हीच कामे करत होत्या. मध्ययुगीन व्यापार फक्त ‘शब्दावर’ चालत होता असे लिहिले की त्यामागचे पक्के तंत्र झाकले जाते.

तार आल्यावर काय झाले, त्याचे एक उदाहरण देतो. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचा उघडता आणि बंद भाव तारेने मुंबईला येई आणि त्या आकड्यांवर सट्टा खेळला जाई. १९६० च्या सुमारास तो भाव येणे थांबले, तेव्हा लोकांनी चिठ्ठ्यांतून आकडे काढायला सुरुवात केली, आणि आज ज्याला मटका म्हणतात त्याचा उगम तेथे आहे. ज्याने आयुष्यात कापसाचे बोंड पाहिले नव्हते, तोही न्यूयॉर्कच्या आकड्याची वाट पाहत होता.

झाडीपट्टी

इतवारीकरांच्या मुद्द्याला जोडून लिहिते. मी महाविद्यालयात इतिहास शिकवत होते. जागतिकीकरण केव्हा सुरू झाले, हा वाद अर्थेतिहासकारांमध्येही आहे. केविन ओ’रूर्क आणि जेफ्री विल्यमसन यांच्या मते ते १८२० च्या दशकापासून सुरू होते, कारण दूरदूरच्या बाजारांतील सामान्य मालाचे भाव तेव्हापासून एकमेकांच्या जवळ येऊ लागले. महालकरांची कसोटी त्यांच्याच जातकुळीची आहे. डेनिस फ्लिन आणि आर्तुरो हिराल्देझ यांनी मात्र १५७१ हे वर्ष दिले आहे. त्या वर्षी स्पेनने मनिला शहर वसवले आणि अमेरिका खंड आशियाशी थेट जोडला गेला.

त्यांचा आधार चांदी हा आहे, आणि तो भक्कम आहे. दक्षिण अमेरिकेतील पोतोसीचा चांदीचा डोंगर १५४५ साली स्पेनच्या हाती लागला. तेथील मूळ रहिवाशांना सक्तीने खाणीत उतरवले गेले. त्याच सुमारास चीनमध्ये मिंग राजवट वेगवेगळे कर एकत्र करून ते चांदीत वसूल करू लागली होती, त्यामुळे तेथे चांदीची भूक प्रचंड वाढली. सोळाव्या शतकाच्या अखेरीस चीनमध्ये सुमारे सहा भार चांदीला एक भार सोने मिळे, तर स्पेनमध्ये त्यासाठी बारा भारांच्या आसपास चांदी मोजावी लागे. या फरकापोटी चांदी मेक्सिकोतील अकापुल्कोहून पॅसिफिक महासागर ओलांडून मनिलाला आणि तेथून चीनला वाहत राहिली, आणि १६४० च्या सुमारास हा फरक जवळजवळ मिटला. म्हणजे दूरच्या भावाने जवळचा भाव बदलण्याची घटना शिडाच्या जहाजांच्या काळातच घडली. ही चांदी मसाले आणि कापडाच्या मोबदल्यात हिंदुस्थानातही आली. मोगलांच्या टाकसाळीतील रुपयाला पोतोसीशिवाय एवढा विस्तार मिळाला नसता.

आणखी एक गोष्ट मुलांना जरूर सांगा, कारण ती सांगितली जात नाही. आपण हिंदुस्थानी कापडाच्या कीर्तीबद्दल अभिमानाने बोलतो. कैरोजवळच्या फुस्तातच्या मातीत गुजरातच्या ठशांच्या कापडाचे मध्ययुगीन तुकडे सापडले आहेत, आणि तो अभिमान रास्त आहे. पण सतराव्या-अठराव्या शतकात हेच गुजराती आणि कोरोमंडलचे कापड युरोपीय व्यापाऱ्यांनी पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर माणसे विकत घेण्यासाठी वापरले. सुमारे सव्वा कोटी माणसे अटलांटिक ओलांडण्यासाठी गुलामांच्या जहाजांत कोंबली गेली. आपल्या कोष्ट्याच्या मागावरील कापड, आफ्रिकेतील माणूस आणि अमेरिकेतील कापसाचे शेत ही एकाच साखळीची कडी आहेत. त्यातच इंग्लंडने १७०० आणि १७२१ च्या कायद्यांनी हिंदुस्थानी छापील सुती कापड स्वतःच्या बाजारात रोखले, त्या भिंतीआड स्वतःच्या गिरण्या वाढवल्या आणि नंतर आपल्यालाच खुल्या व्यापाराचे धडे दिले. मुक्त व्यापार ही संकल्पना शिकवताना हा क्रम डोळ्यांआड होऊ देऊ नये.

आंबिया बहार

महालकर सर, मी काटोलकडची शेतकरी आहे. आमची थोडी संत्रा आहे आणि बाकी जमिनीत कापूस. इतक्या जाणकारांमध्ये लिहिताना संकोच वाटतो, पण दोन गोष्टी मांडते.

संस्कृतातील ‘नारंग’ हा शब्द फारसीत गेला, फारसीतून अरबीत ‘नारंज’ झाला आणि अरबांबरोबर स्पेनमध्ये पोहोचून ‘नारांखा’ झाला. या नावाबरोबर कडू संत्र्याचे झाडही गेले. उलट दिशेने अमेरिका खंडातून मिरची, भुईमूग, मका, टोमॅटो आणि बटाटा पोर्तुगीज व स्पॅनिश जहाजांतून इकडे आले; बटाटा हा शब्दच पोर्तुगीज आहे. भिवापूरची मिरची आणि सावजीचा रस्सा यांच्याशिवाय आज नागपूरची कल्पना करता येत नाही, पण ज्ञानेश्वरांच्या काळात या भूमीवर मिरचीचे एक रोपही नव्हते. तेव्हाचा तिखटपणा मिरीचा आणि पिंपळीचा होता. मला वाटते, जागतिकीकरणाचा हा भाग सर्वांत खोल रुजला, कारण तो परका होता हे आपण विसरूनही गेलो.

दुसरी गोष्ट भावाची. आमच्या संत्र्याचा मोठा ग्राहक बांगलादेश आहे. त्यांनी आयात शुल्क वाढवले की ट्रक सीमेवरून कमी जातात, आणि तो माल आमच्याच मंडीत येऊन भाव पाडतो. ढाक्यात झालेल्या निर्णयाची किंमत काटोलच्या बागेत तोडणीच्या आधीच कळते, कारण व्यापारी बागेचा सौदा फळ झाडावर असतानाच करतो. कापसाचेही तसेच आहे. वेचणी सुरू असताना मोबाइलवर न्यूयॉर्कच्या वायद्याचा भाव दिसतो. २०११ च्या मार्चमध्ये तो पौंडाला दोन डॉलरच्या वर गेला होता, आणि वर्ष संपेपर्यंत निम्म्याच्या आसपास उतरला. ज्यांनी चढत्या भावाकडे पाहून कर्ज काढले आणि कापसाखालचे क्षेत्र वाढवले, त्यांचा माल उतरत्या भावात बाजारात आला. भाव डोळ्यांसमोर दिसणे आणि भावावर हात असणे यांत फार अंतर आहे. बेन यिजूला भाव एक वर्ष उशिरा कळत होता. आम्हाला तो क्षणात कळतो, पण ओला कापूस घरात साठवून थांबण्याची ऐपत नसेल तर त्या कळण्याचा उपयोग होत नाही.

अजनी

मी माल निर्यातीच्या कागदपत्रांचे काम करतो. चर्चेत जहाजे, चांदी आणि तार आली, पण साधी लोखंडी पेटी अजून आली नाही, म्हणून लिहीत आहे.

२६ एप्रिल १९५६ रोजी अमेरिकेतील एक ट्रकमालक माल्कम मॅक्लीन याने ‘आयडियल एक्स’ या जुन्या तेलवाहू जहाजावर ५८ पेट्या चढवून त्या नेवार्कहून ह्यूस्टनला पाठवल्या. सुटा माल जहाजावर चढवायला टनाला सुमारे ५ डॉलर ८६ सेंट लागत. पेटीतून तोच खर्च १६ सेंटांच्या आसपास आला. पुढे पेट्यांची मापे जगभर एकच ठरली. यामुळे काय बदलले, हे नागपूरच्या कंटेनर डेपोत उभे राहिल्यावर दिसते. वीस फुटी पेटीच्या आठही कोपऱ्यांवर पोलादाचे ओतीव ठोकळे असतात आणि त्यांना लांबट भोके असतात. ट्रक, रेल्वेची वाघीण, क्रेन आणि जहाज या चौघांचीही कुलुपे त्याच भोकांत बसतात. येथे माल भरून दार लावले, सील ठोकले आणि त्याचा क्रमांक कागदावर चढवला की ती पेटी रेल्वेने न्हावाशेव्याला आणि तेथून परदेशी बंदरात जाते, आणि वाटेत आतल्या मालाला कोणाचाही हात लागत नाही. समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत असलेले नागपूर व्यवहारापुरते बंदर झाले, ते या पेटीमुळे.

महालकरांच्या कसोटीत मी एक भर सुचवतो. तारेमुळे भाव जोडले गेले. पेटीमुळे उत्पादनच तुकड्यांत विभागले गेले. कापूस एका देशात, सूत दुसऱ्या देशात, शिलाई तिसऱ्या देशात आणि विक्री चौथ्या देशात, हे वाहतूक इतकी स्वस्त झाल्याशिवाय परवडले नसते. १९४७ साली २३ देशांनी केलेला व्यापार व जकातीचा करार, १९९५ ची जागतिक व्यापार संघटना, २००१ च्या डिसेंबरात तीत चीनचा झालेला प्रवेश आणि २००५ च्या पहिल्या दिवशी संपलेली कापडाच्या निर्यातीवरील कोटा पद्धत, या कराराच्या पायऱ्या महत्त्वाच्या आहेतच. पण करार कागदावर होतात, आणि त्या कागदाला चाके या पेटीने दिली.

महालकर

सर्वांचे आभार. इतवारीकर आणि झाडीपट्टी यांनी दाखवलेली उणीव मी मान्य करतो. चांदी, सोने आणि हुंडी यांसारख्या हलक्या आणि मौल्यवान वस्तूंचे भाव खूप आधी बांधले गेले होते. माझे विधान कापूस, गहू यांसारख्या वजनदार आणि स्वस्त मालापुरते ठेवायला हवे. तो माल बैलाच्या पाठीवर असेपर्यंत भाव बांधले जाणे शक्य नव्हते, ते काम आगगाडीने आणि आगबोटीने केले. कोट्यवधी सामान्य शेतकऱ्यांचे जीवन मात्र याच जड मालाशी बांधलेले होते, म्हणून माझा जोर अजूनही त्या नऊ वर्षांवर आहे. मध्य प्रांतातील गहू रेल्वेने मुंबईला आणि तेथून युरोपला जात असतानाच १८९६-९७ चा दुष्काळ पडला. धान्य हलवण्याची सोय होती, पण ते विकत घेण्याची ताकद मजुराकडे नव्हती.

आंबिया बहार, आपण संकोच करू नये. भाव दिसणे आणि भावावर हात असणे यांतला जो भेद आपण मांडला, तो मी मुलांना आपल्याच शब्दांत सांगणार आहे. त्यात राज्याची एकाधिकार कापूस खरेदी योजना आणि आजचा हमीभाव यांचा विचार आला पाहिजे. १९७२ पासून तीन दशके महाराष्ट्राने बाहेरच्या भावापुढे एक भिंत उभी करून पाहिली. ती योजना तोट्यात गेली, चुकारे रखडले, या तक्रारी खऱ्या आहेत. पण भाव ठरवण्याची जागा आपल्या जवळ आणण्याचा तो प्रयत्न होता, एवढे श्रेय तिला मिळायला हवे. श्रीमंत देशही आपल्या शेतकऱ्यासाठी भिंती उभारतातच. अमेरिकेच्या कापूस अनुदानांविरुद्ध ब्राझील जागतिक व्यापार संघटनेत गेला आणि जिंकला. २००३ साली बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या चार आफ्रिकी देशांनी तोच प्रश्न मांडला. त्या चार देशांचा कापूस उत्पादक आणि आपला यवतमाळचा शेतकरी एकाच भावाखाली उभे आहेत, हे मुलांना नकाशावर दाखवण्यासारखे आहे.

इतवारीकर, एक विनंती आहे. आपल्या घरी जुन्या वह्या असतील आणि त्यांत १९२९ नंतरची, महामंदीच्या वर्षांची पाने असतील, तर त्यांत काय दिसते ते लिहाल का?

इतवारीकर

काल रात्री माळ्यावरून वह्या काढल्या. लाल कापडाच्या बांधणीच्या, लांबट, वरून उघडणाऱ्या. प्रत्येक पानाच्या माथ्यावर ‘श्री’ आहे आणि शाई तपकिरी झाली आहे. रुईचा भाव सर्वत्र खंडीत लिहिला आहे. मुंबईच्या बाजाराची ही ७८४ पौंडांची खंडी पुढे किलोग्रॅम आल्यावर ३५६ किलोची झाली, आणि रुईचे सौदे आजही तिच्यातच बोलले जातात.

१९२९ च्या हंगामाच्या पानांना मुंबईहून आलेल्या तारा डिंकाने चिकटवल्या आहेत. पुढच्या दोन वह्यांत तारांची संख्या वाढत जाते आणि खंडीचा भाव उतरत जातो. हिंगणघाटच्या बाजूच्या एका शेतकऱ्याचे खाते मी शेवटपर्यंत पाहिले. पहिल्या वर्षी त्याच्या नावे उचल आहे आणि समोर जमा झालेला कापूस आहे. दुसऱ्या वर्षी कापूस जवळजवळ तेवढाच आला आहे, पण रकमेचा मेळ बसलेला नाही, म्हणून ‘मागील बाकी पुढे’ असे लिहिले आहे. तिसऱ्या वर्षीही तेच. चौथ्या वर्षाच्या वहीत खाते आहे, त्याच्या खाली शेताचा सर्व्हे क्रमांक लिहिला आहे, आणि जमेच्या बाजूला कापूस नाही. महालकर, त्या पानाचे नाव झाकून काढलेले छायाचित्र रविवारी आपल्याकडे आणून देतो.